पोरीला कुठं घालू, बाई?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की आमच्याकडे फोन सुरू होतात. निवृत्त होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली तरी होतात. नात्यातले, शेजारचे, जुने विद्यार्थी... "मार्क चांगले आहेत, आता पुढं काय?" आणि मी काहीबाही सांगतेही. विचारलं की सांगितल्याशिवाय राहवत नाही, हा आम्हा शिक्षकांचा जुना रोग.

गेल्या वर्षी जूनमध्ये मात्र फोन आला नाही, माणूसच दारात आला. पन्नाशीला टेकलेला, हातात पेढ्यांचा पुडा, आणि मागे पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी असलेली त्याची मुलगी. मी त्याला ओळखलं आणि पोटात गोळा आला.

हा मुलगा १९९४ साली आमच्या शाळेतून बारावी झाला. कराडजवळचं गाव, हायस्कूललाच जोडलेलं ज्युनिअर कॉलेज. वडील एसटीत कंडक्टर. गणितात १०० पैकी ९६. त्याचं म्हणणं साधं होतं. कराडलाच बी.एस्सी. करतो, गणित घेऊन, मग बी.एड. करतो आणि शाळेत लागतो. मी म्हटलं, "एवढे मार्क घेऊन बी.एस्सी.? वेडा की काय!" मी कोण, तर मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई. इंजिनिअरिंग कॉलेजचं फाटकसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण वसंतदादांनी १९८३ साली विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, त्यानंतर आमच्या भागात 'पोरगा इंजिनिअरिंगला आहे' या वाक्याला फार वजन आलं होतं. त्या वजनाखाली मीही होते. त्याच्या घरी दोनदा जाऊन वडिलांना पटवलं. पुण्याला फ्री सीट मिळाली. गावभर पेढे वाटले. शाळेच्या फळ्यावर त्याचं नाव रंगीत खडूनं मीच लिहिलं होतं.

पुढचं मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्रजीत असली तरी शिकवणं मराठीत. पुण्यात सगळं एकदम इंग्रजीत, आणि वेगानं. पहिल्या वर्षी ड्रॉइंग राहिलं, मेकॅनिक्स राहिलं आणि गणितसुद्धा राहिलं. ९६ वाल्याचं गणित! त्याची वायडी झाली, म्हणजे वर्ष गेलं. घरी पत्रात 'ठीक आहे' एवढंच. त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो कॉट बेसिसच्या खोलीत नुसता पडून होता. कॉलेजातून कुणी विचारलं नाही, हा का येत नाही म्हणून. एक दिवस वडील न कळवता गेले, तेव्हा उलगडा झाला. १९९६ च्या दिवाळीला ट्रंक घेऊन तो परत आला.

कॉलेजला दोष देणं सोपं आहे. मी तरी त्या दोन वर्षांत एक पोस्टकार्ड टाकलं का? नाही. माझ्या लेखी माझं काम फळ्यावर नाव लिहिलं तेव्हाच संपलं होतं.

नंतर त्यानं आयटीआय केलं, इलेक्ट्रिशियनचं. आता मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, पाणबुडी मोटारी दुरुस्तीला दहा-दहा गावांतून येतात. चांगलं चाललंय. पण कितीतरी वर्षं मी बाजारात दिसले की तो रस्ता बदलायचा, हे मला ठाऊक होतं. एका लग्नात शेवटी समोरासमोर आलो, तेव्हा म्हणाला, "अभ्यास जमला असता हो, बाई. पण अडलं की विचारायचं कुणाला तेच कळंना. आणि मनात इंग्रजी वाक्य जुळवेपर्यंत सर वर्गाबाहेर गेलेले असायचे."

तर तो हा मुलगा, आपल्या मुलीला घेऊन आला होता. "पोरीला कुठं घालू, बाई?"

मी म्हटलं, "अरे, मला कशाला विचारतोस? तुझं काय केलं मी ते विसरलास?"

"म्हणूनच विचारतोय," तो म्हणाला. "तुम्ही एकदा चुकलाय. आता जपून सांगाल."

यावर काय बोलणार? चहा ठेवला.

या वेळी मी बापाला गप्प बसवून मुलीला विचारलं. १९९४ साली हेच राहिलं होतं. तुला काय व्हायचंय, हा प्रश्न मात्र विचारला नाही. सतरा-अठराच्या पोरांना त्याचं उत्तर येत नसतं, आणि येतं तेव्हा ते शेजारच्याचं असतं. मी विचारलं, "कुणी न सांगता तू काय करत बसतेस?" बराच वेळ काही नाही. मग म्हणाली, दुकानात बसते. कॉइल भरते, मल्टिमीटर लावून कुठली वायर गेली ते बघते. एकदा बाबांना न सापडलेला बिघाड तिनं शोधला होता. हे सांगताना तिनं पहिल्यांदा मान वर केली. बापाच्या मनात कॉम्प्युटर होतं. सगळ्यांच्याच मनात कॉम्प्युटर असतं. मुलगी हळूच म्हणाली, "मला इलेक्ट्रिकल आवडेल." तो काही बोलला नाही, मीही बोलले नाही. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं, पण पेढा तोंडात टाकला.

मग कॉलेज. त्यांनी चार नावं आणली होती, कुणाची इमारत मोठी, कुणाच्या जाहिरातीत मोठ्या पगारांचे आकडे. मी म्हटलं, ही पत्रकं इथंच ठेवा आणि एखाद्या मंगळवारी-बुधवारी जाऊन या. समारंभाच्या दिवशी नको आणि कॉलेजच बोलावतं त्या दिवशीही नको. ऑफिसात न जाता कँटीनमध्ये बसायचं आणि वरच्या वर्गातल्या मुलींना गाठायचं. प्रॅक्टिकल खरंच होतात की जर्नलमध्येच होतात? शिकवणारे कायम आहेत की बहुतेक तासिका तत्त्वावर? (त्या बिचाऱ्यांचा दोष नाही. पण जून ते मार्च एक माणूस टिकत नसेल तर मुलांनी जायचं कुणाकडे?) पहिल्या वर्षी किती जणी मागं राहिल्या, आणि त्यांचं पुढं काय झालं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पत्रकात छापत नाहीत.

पैशांचं त्याला निम्मंच माहीत होतं. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन देतं. पण प्रवेश कॅपच्या फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला हे लागू नाही. शिवाय हॉस्टेल, मेस, जाणं-येणं उरतंच, त्याची बेरीज घरी बसून आधी करायची. जातवैधता, नॉन-क्रिमिलेयर वगैरे कागद त्यानं आधीच करून ठेवले होते. पोळलेला माणूस असतो असा. पर्यायांच्या यादीबद्दल एकच सांगितलं. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाहीतर पुढच्या फेऱ्या गेल्या. तेव्हा लोकांना सांगायला बरं म्हणून पहिलं नाव टाकायचं नाही.

आठ दिवसांनी मुलीचा फोन आला. सगळ्यांत मोठ्या इमारतीच्या कॉलेजात ग्रंथालय फार सुंदर होतं म्हणे, "पण आज्जी, खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं." मी इतकी हसले की यांनी आतून विचारलं काय झालं. मला ही सूचना सुचली नव्हती, ही तिची स्वतःची. आणि दुसऱ्या एका साध्याशा कॉलेजात मशीनच्या लॅबमध्ये एक सर शर्टाच्या बाह्या दुमडून मुलांबरोबर मोटार उघडून बसले होते. तिला ते दुकानासारखं वाटलं. पहिल्या क्रमांकावर कुठलं नाव टाकलं हे सांगायला नकोच.

जायच्या आदल्या दिवशी दोघं पुन्हा आले. तेव्हा जे बोलले तेच खरं तर मला १९९४ साली बोलायला हवं होतं. शाळेत आम्ही मुलांना कडेवर घेऊन चालवतो. वही तपासतो, आला नाहीस तर भावाकडे निरोप देतो. साताऱ्याच्या शिवाजी कॉलेजात कर्मवीरांनी 'कमवा आणि शिका' सुरू केलं, तिथं मुलं एकत्र राबायची, एकत्र जेवायची. तिथं कुणी चार दिवस दिसला नाही तर लक्षात येणारच. आताच्या कॉलेजात ते आपलं आपणच उभं करावं लागतं. म्हणून तिला म्हटलं, पहिल्या महिन्यात प्रत्येक विषयाच्या शिक्षकांकडे एकदा तरी शंका घेऊन जा. शंका नसेल तर शोधून काढ. मराठीत विचार. समजून घ्यायला भाषेची लाज धरायची नाही. पेपर इंग्रजीत लिहायचाय, म्हणून रोज एक उत्तर इंग्रजीत लिहून काढ, चुका झाल्या तर होऊ देत. (ती सेमी-इंग्रजीतली, तिला बापाइतकं जड जाणार नाही, तरी.) पुढच्या बाकावर बस. दर शनिवारी घरी पळू नकोस, पण महिन्यातून एकदा ये. आणि मेसमध्ये जेवायला जावंसं वाटेना, सकाळी उठून वर्गात जावंसं वाटेना, असे लागोपाठ चार दिवस गेले, तर पाचव्या दिवशी फोन करायचा. मला नाही, बाबांना.

बाप शेजारी बसून ऐकत होता. मधेच म्हणाला, "नापास झाली तरी फोन करायचा." मुलीनं त्याच्याकडे पाहिलं. त्याची पुण्याची हकिगत तिला घरी कुणी सांगितली होती की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मी या वेळी एक केलं. कॅलेंडरवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्या नावाचं पहिलं अक्षर लिहून ठेवलं आणि फोन करत राहिले. पहिल्या दोन्ही वेळा 'मस्त चाललंय' एवढंच. 'ठीक आहे'चाच नवा अवतार, त्यामुळे मला काही चैन पडेना. ऑक्टोबरात तिचाच फोन आला, रविवार नसताना.

"आज्जी, युनिट टेस्टला गणितात २० पैकी ७ पडलेत."

"मग?"

"उद्या पेपर घेऊन सरांकडे जाणारे. आज गेले होते, ते मीटिंगमध्ये होते."

"बाबांना सांगितलंस?"

"हो, तुमच्या आधी. ते म्हणाले, पेपरचा फोटो पाठव, बघू कुठली वायर गेलीये."