तळ नसलेला केक

दिवाळीला लेकीकडे जायचे म्हणजे फराळाचे डबे आलेच. मग लेक पुण्यात असो की स्पेनच्या वायव्य टोकाला! २०२३ सालच्या ऑक्टोबरअखेर मी मुंबईहून विमानाने माद्रिदला आणि तिथून आगगाडीने सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी पोचले, तेव्हा माझ्या सामानात बेसनाचे लाडू, अनारसे, पोह्यांचा चिवडा आणि वर एक हिंगाची डबी होती. करंज्या नि शंकरपाळे मात्र नव्हते. माझ्या सहा वर्षांच्या नातवाला गहू चालत नाही. सिलिअक म्हणतात त्या दुखण्याला. गहू, जव आणि राय या धान्यांतले ग्लूटेन नावाचे प्रथिन अशा माणसाच्या आतड्याला इजा करते, अगदी थोडे पोटात गेले तरी. त्यावर गोळी नाही की काढा नाही. जन्मभराचे पथ्य हेच औषध.

ते पथ्य मी नीट सांभाळले आहे, अशी माझी समजूत होती. लेकीने हिंगाची डबी डोळ्यांजवळ नेली, वाचली आणि मुकाट्याने बाजूला ठेवली.

“आई, यात गव्हाचं पीठ आहे. लिहिलंय बघ.”

खरेच, बारीक अक्षरांत लिहिलेले होते. चाळीस वर्षे ज्याची चिमूट फोडणीत टाकत आले, त्या हिंगाची डबी मी एकदाही वाचली नव्हती! चिवडा त्याच हिंगाचा. तो शेजारी वाटून टाकला. नातू माझ्या तोंडाकडे पाहत होता आणि मला कुठे पाहावे ते कळत नव्हते.

दुसऱ्या दिवशी लेकीने मला गाव दाखवले. सांतियागो म्हणजे त्या लोकांचे पंढरपूर म्हणा ना! येशूच्या शिष्यांपैकी संत याकोब याची समाधी इथल्या भव्य चर्चमध्ये आहे, अशी त्यांची श्रद्धा. फ्रान्सच्या हद्दीपासून सुमारे ८०० किलोमीटर चालत माणसे येतात. आपल्या वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, तर यांच्या पाठपिशवीला शिंपला. पाऊस सारखा भुरभुरत असतो आणि रस्त्यांच्या दगडी फरश्या आरशासारख्या चमकतात. चर्चमागच्या किंताना चौकात जोगिणींचा एक जुना मठ आहे. तिथे एका फिरत्या लाकडी खिडकीत पैसे ठेवायचे. खिडकी फिरते आणि पलीकडून बदामाची मिठाई येते, देणारीचा चेहरा काही दिसत नाही.

मिठाईच्या दुकानांतून मात्र एकच पदार्थ जिकडेतिकडे दिसतो. बसका, गोल, तांबूस केक. वर पिठीसाखर भुरभुरलेली आणि त्या पांढऱ्या साखरेत मधोमध उमटलेला क्रूस. कागदाचा क्रूस कापून केकवर ठेवायचा, साखर चाळायची आणि कागद अलगद उचलायचा. १९२४ साली गावातल्या एका मिठाईवाल्याने ही खूण काढली, ती आता सगळ्यांचीच झाली. या केकात बदामाची पूड, साखर आणि अंडी एवढेच मुख्य. २०१० साली युरोपीय संघाने या नावाला संरक्षण दिले, तेव्हापासून नियमच आहे की, केकच्या सारणात बदाम ३३ टक्क्यांपेक्षा कमी नकोत.

“मग हा आपल्या बाळाला चालेल की!” मी आनंदाने म्हणाले.

लेकीचा चेहरा उतरला. “मलाही असंच वाटलं होतं, आई.”

मग तिने सगळे सांगितले. दोन वर्षांपूर्वी अशाच एका दुकानात तिने विचारले होते, “फक्त बदामच ना?” “फक्त बदाम,” उत्तर मिळाले. पण हा केक दोन तऱ्हांनी करतात. एक नुसता आणि दुसरा खाली मैद्याच्या पातळ पापुद्र्यावर बसवलेला. नियमाला दोन्ही चालतात. तिने आणलेला दुसऱ्या तऱ्हेचा निघाला. तो पापुद्रा रंगाने केकसारखाच, सहज दिसणारा नव्हता. पोराला आठवडाभर उलट्या आणि पोटदुखी. तेव्हापासून तो कुठल्याच केकला हात लावीत नाही. वाढदिवसाला मेणबत्त्या भाताच्या मुदीत लावतात!

“आणि तो मीच भरवला होता माझ्या हातानं,” ती म्हणाली.

मी ठरवले की, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हा केक घरी करायचा.

पहिला प्रयत्न मी बदामकतलीच्या धर्तीवर केला. बदाम रात्रभर भिजवले, सोलले, तसेच ओले मिक्सरमध्ये घातले आणि बारीक व्हावेत म्हणून फिरवीत राहिले. पूड कसली, तेलकट गोळा झाला! केक मध्ये चिकट, कडेला कडक, अशा अवस्थेत बाहेर आला. नातवाने लांबूनच पाहिला.

शेजारच्या बाई सत्तरीच्या पुढच्या. चिवडा त्यांनाच दिला होता. रिकामे ताट परत द्यायला त्या आल्या, ओट्यावरचा तो गोळा त्यांनी बोटाने दाबला आणि हसल्या. त्यांना मराठी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही; मधे लेक दुभाषी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला गावच्या दगडी बाजारात घेऊन गेल्या.

या पावसाळी मुलुखात बदाम फारसा पिकत नाही. तो येतो भूमध्य समुद्राकडच्या उन्हाळी प्रांतांतून. बाईंनी दोन जाती दाखवल्या. लार्गेता लांबट, मार्कोना बसका, गोलसर आणि तेलाला भारी. त्यांनी एक बदाम दातांनी तोडला, हुंगला, दुसरा मला दिला. खवट असेल तर केक वाया जातो, साखर कितीही घाला. तयार पुडीच्या पिशव्याही होत्या, पण बाईंनी मान हलवली. काहींतले तेल आधीच काढून घेतलेले असते, मग केक भुशासारखा कोरडा होतो. काही गव्हाच्याच कारखान्यात दळलेल्या असतात. लेकीने त्यांना आमच्या घरचे सगळे सांगून ठेवले असावे. कारण त्यांनी कागदी पिशवीत सुटे बदाम न घेता बंद पाकिटातले, ‘ग्लूटेन नाही’ असे छापलेले साबूत बदाम निवडले.

घरी बदामांवर उकळते पाणी ओतले, दोन मिनिटांनी साली चिमटीत सुटल्या. मग ते पुसून, मंद ओव्हनमध्ये खडखडीत वाळवून, पूर्ण गार केले. बदामाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग तेलच. मिक्सर तापला की ते सुटते. म्हणून केकच्या साखरेतलीच मूठभर साखर बरोबर घालायची आणि थांबत थांबत फिरवायचे. रव्यासारखी झाली की पुरे. चाळण नवी आणली होती, जुनीत कणीक चाळलेली!

पाव किलो बदाम, पाव किलो साखर, पाच अंडी, एका लिंबाच्या सालीचा पिवळा कीस, अर्धा चमचा दालचिनी. गव्हात चिकटपणा असतो, बदामात नाही. केक फुगतो तो अंड्यांत कोंडलेल्या हवेने. म्हणून अंडी आणि साखर पांढरीफेक होईतो फेटायची आणि पूड हलक्या हाताने मिसळायची. लोणी लावलेल्या साच्यावर पीठ भुरभुरण्याची सर्वत्र रीत; मी हात आखडला, तेव्हा बाईंनी चिमूटभर बदामाचीच पूड भुरभुरली. १७५ अंशांवर ३५ मिनिटे.

केक निवत असताना नातू कात्री घेऊन आला. “आजी, आपण क्रूस नको, पणती करू या.” वाकडीतिकडी पणती त्याने कापली. साखर चाळून कागद उचलला, तर ज्योत थोडी फिसकटली, पण पणती ओळखू येत होती. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

पूजा झाली. १२ नोव्हेंबरची ती ओली संध्याकाळ, खिडकीत चार पणत्या. मी फोड कापून त्याच्या बशीत ठेवली. कोणी काही बोलले नाही. त्याने फोड उचलली, उलटी केली, दिव्याजवळ नेऊन खालची बाजू नखाने खरवडली.

“आजी, याला तळ नाही.”

“नाही रे राजा. खालपासून वरपर्यंत बदामच.”

त्याने एक घास खाल्ला. थोडे थांबला. मग उरलेली फोड संपवून बशी पुढे केली. लेक पाणी आणते म्हणून आत गेली आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

पुण्याला परतल्यावर मी पहिले काम केले ते फडताळातल्या साऱ्या डब्या चष्मा लावून वाचण्याचे. यंदा दिवाळीला ती मंडळी माझ्याकडे यायची आहेत. हिंग बिनपिठाचा आणला आहे, चाळण नवी घेतली आहे, आणि बदाम दुकानदारासमोर एक चावून पाहूनच घेणार आहे.