तिकोनी खोका

परवा पहाटे सहारला उतरले. टर्मिनल २ वर ड्यूटी फ्रीकडे पाय आपोआप वळले. टोब्लेरॉनचा तिकोनी खोका उचलला आणि तशीच उभी राहिले.

बाबा मस्कतहून यायचे, तेव्हा हाच खोका बॅगेत सगळ्यात वर असायचा. १९०८ साली बर्नमध्ये जन्मलेलं हे चॉकलेट आमच्या अंधेरीच्या चाळीत मात्र बाबांचंच होतं. आई एकेक त्रिकोण मोडून शेजारी वाटायची. चंदेरी कागद माझा. नखाने घासून गुळगुळीत करायचा, वहीत ठेवायचा. त्याला कितीतरी दिवस वास यायचा.

आता ते कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतं. बाबा नाहीत. आईला मधुमेह.

तरी घेतला. टॅक्सीत, मरोळच्या सिग्नलला, मांडीवरच्या खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. कोणासाठी, ते अजून ठरलेलं नाही.