कोणाच्या डोळ्यांची उंची?

चेन्नईतील भाड्याच्या घरात दूरचित्रवाणी संच भिंतीवर बसवायला आलेल्या कारागिराने उंची विचारली. (अभ्यागत प्राध्यापकाने परक्या भिंतीला भोके पाडावीत का, हा प्रश्न निराळा.) बसलेल्या माणसाचा डोळा आणि पडद्याचा मध्य एका रेषेत असावा, हे ठाऊक होते. पण कोणाचा डोळा? खुर्चीत माझा जमिनीपासून सुमारे ११० सेंटिमीटरवर, चटईवर बसणाऱ्या आईचा ७०वर. मुंबई दूरदर्शन १९७२ चे, मद्रासचे १९७५ चे. माझ्या लहानपणी शेजाऱ्यांचा संच कपाटावर असे आणि आम्ही मुले फरशीवरून माना वर करून पाहत असू. मान अवघडे, तक्रार सुचत नसे. आईला तमिळ येत नाही. मी विद्यापीठात गेल्यावर मराठी तिला त्या पडद्यावरच भेटते. मी ७० सांगितले. कारागिराने बोटांनी दोनदा विचारून घेतले.