वाघ टीव्हीत, खाडी खिडकीत

आमच्या पिढीनं वाघ पाहिला तो टीव्हीवर, आणि खाडी पाहिली ती लोकलच्या दारातून. वाघाची झेप केवढी, त्याची हद्द किती मैलांची, वाघीण पिल्लांना शिकार कशी शिकवते, सगळं आम्हाला तोंडपाठ. पण स्लो गाडी मुंब्र्याजवळ खाडीला खेटून जायची तेव्हा चिखलात उभी असलेली ती हिरवी झुडपं तिवरांची आहेत, त्यांच्या मुळांशी माशांची पिल्लं वाढतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. फास्ट गाडी मिळाली तर पारसिकचा बोगदा, मग तर तेही दिसायचं नाही.

ऐंशीच्या दशकात ठाणे, डोंबिवली, कल्याणमध्ये वाढलेल्या घरांची ही गोष्ट आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्याकडे ते जिन्याजिन्यानं पोहोचलं. आधी चाळीत एका बिऱ्हाडात, मग मजल्यावर दोन-तीन ठिकाणी. सरकत्या लाकडी दाराचा सेट, वर क्रोशाचा रुमाल, आणि लायसन्सचे पैसे भरायला पोस्टात रांग. वाहिनी एकच, त्यामुळे संध्याकाळी सुरुवातीच्या धूनपासून जे लागेल ते सगळं बघायचं. आमच्यातल्या कित्येकांनी शेत कधी नांगरलेलं नाही, पण ‘आमची माती आमची माणसं’ आम्ही चुकवला नाही. कंपोस्टचा खड्डा कसा भरायचा, बांधबंदिस्ती का करायची, उतारावरचं पाणी अडवलं की विहिरीला कसं लागतं, हे डोंबिवलीच्या दोन खोल्यांत बसून शिकलेली मुलं आम्ही. त्या कार्यक्रमाला पर्यावरणाचा कार्यक्रम कुणी म्हणत नव्हतं. मला मात्र अजूनही वाटतं की माती आणि पाणी यांच्याविषयी मराठी घरांना टीव्हीनं जे काही शिकवलं, त्यातलं सगळ्यात सकस तिथूनच आलं.

आमची आजी मुरबाडकडची. ती लसूण सोलत तो कार्यक्रम बघायची आणि पडद्यावरच्या अधिकाऱ्याशी मोठ्यानं बोलायची. एकदा भातावर फवारणी कशी करायची ते दाखवत होते. पाठीवर पंप, नाकाला फडकं. आजीचे हात थांबले. “अहो, मग वलगणीला मासे चढतील का शेतात?” पहिल्या पावसात ओढ्यातले मासे पाण्याच्या उलट दिशेनं भातखाचरात चढतात, त्याची ती गोष्ट. अधिकारी अर्थातच पुढे बोलत राहिला. आजी आमच्याकडे वळून म्हणाली, “विचारा की रे कुणीतरी त्याला.” पडद्यावरच्या माणसाला विचारता येत नाही, हे तिला पटायचंच नाही. तिचा प्रश्न किती मोलाचा होता, हे आज ओढे रिकामे झाल्यावर कळतं.

विचारता येईल असा एक कार्यक्रम होताही. ‘ज्ञानदीप’चे निर्माते आकाशानंद यांनी प्रेक्षकांना नुसतं बघत बसू दिलं नाही. महाराष्ट्रात ठिकठिकाणी ज्ञानदीप मंडळं निघाली, लोक पत्रं पाठवू लागले, आपापल्या गावात-वस्तीत काही ना काही करू लागले. टीव्हीपुढची माणसं उठून एकत्र येतात ही कल्पना त्या काळी फार मोठी होती. पुढच्या काळात वाहिन्या शेकड्यांनी आल्या, पण ही एक गोष्ट कितीतरी वर्षं हरवून गेली.

घरात तेव्हा काय चालायचं? भाजी धुतलेलं पाणी तुळशीला. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, गठ्ठा करून भंगारवाल्याला. आजोबांच्या धोतराचं फडकं, फडक्याचं पायपुसणं. वाण्याकडे कापडी पिशवी, तेलाला बरणी. पहाटे नळाला पाणी यायचं तेव्हा अख्खी चाळ जागी, आणि एक कळशी सांडली तरी आईचा जीव तुटायचा. ही काटकसर होती, गरजेपोटी आलेली, पण तिच्यामुळे घरातून दिवसाकाठी मूठभर कचरा निघायचा. मग १९८२ मध्ये टीव्ही रंगीत झाला, प्रायोजित मालिका आल्या आणि मालिकांच्या मध्ये जाहिराती. एका वापराची पुडी, फेकून द्यायचा पेला, दर दिवाळीला नवं काहीतरी. झाडं लावा, असं सांगणारा कार्यक्रम आठवड्यातून एकदा. वापरा नि टाका, असं सांगणारी जाहिरात दर दहा मिनिटांनी. आईनं कापडी पिशवी सोडली नाही, पण आम्ही मुलं ती घेऊन वाण्याकडे जायला लाजू लागलो. ती लाज आमच्या घरात टीव्हीतून आली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अमेरिकेत जेम्स शॅनहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. फार टीव्ही बघणारी माणसं पर्यावरणासाठी स्वतः झीज सोसायला कमी तयार असतात, असं त्यांना आढळलं. त्यांना धोक्याची भीती जास्त वाटते, पण माहिती कमी असते. अमेरिकेतली आकडेवारी जशीच्या तशी डोंबिवलीला लावता येणार नाही, हे खरं. पण आमच्या बैठकीच्या खोलीत जे घडत होतं ते याहून फार वेगळं नव्हतं.

सरकारनं, न्यायालयानं काही केलं नाही असं नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९१ साली आदेश दिला की चित्रपटगृहांत पर्यावरणाच्या स्लाइड दाखवा, आकाशवाणी-दूरदर्शनवर रोज काही मिनिटं या विषयाला द्या, शाळांत तो सक्तीचा करा. बिट्टू सहगल यांच्या वन्यजीवांवरच्या मालिका दूरदर्शननं त्याआधीच दाखवल्या होत्या. १९९५ मध्ये डिस्कव्हरी आलं आणि केबलवाल्यानं ते घरोघर नेलं. आमचे नाना जेवताना तेच लावायचे. मगरीनं हरीण धरलं की आई म्हणायची, “जेवणाच्या वेळी तरी नको हो.”

त्याच काळातली एक रात्र सांगितली पाहिजे, कारण तशा रात्री पुष्कळ गेल्या. आमचं घर एमआयडीसीच्या बाजूला. जेवणं आटपली की वास यायला लागायचा. कधी सडक्या कोबीसारखा, कधी घशाला झोंबणारा. आई न बोलता उठायची आणि एकेक खिडकी लावायची. पंखा वाढवायचा, टीव्हीचा आवाज वाढवायचा. पडद्यावर ॲमेझॉनचं जंगल जळत होतं आणि आम्ही हळहळत होतो, मनापासून. काचेबाहेर जे चाललं होतं त्याबद्दल फक्त एवढंच बोलणं व्हायचं: “आज जास्तच सोडलाय.” ॲमेझॉनबद्दलचं दुःख खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण स्वतःच्या नाकाला येणारा वास हाही पर्यावरणाचाच प्रश्न आहे आणि त्यासाठी कुठेतरी अर्ज करता येतो, हे तोवर कुठल्याही पडद्यानं दाखवलं नव्हतं.

पुढे पडदा आमच्याकडे वळला, पण अपघातापुरता. २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० च्या फेब्रुवारीत रस्ता गुलाबी झाला, २०१६ आणि २०२४ च्या मे महिन्यांत कारखान्यांत स्फोट झाले. प्रत्येक वेळी वाहिन्यांच्या गाड्या आल्या, फुटक्या काचा दाखवून गेल्या. गावाकडून फोन आले, “तुम्ही ठीक ना?” दोन दिवसांनी दुसरी बातमी.

२६ जुलै २००५ ची गंमत अशी की आम्ही तो प्रलय टीव्हीवर पाहिलाच नाही. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि इकडे उल्हास नदी बदलापूर-कल्याणच्या वस्त्यांत शिरली. वीज गेलेली. नागपूरच्या आत्याला आमच्या स्टेशनची अवस्था दिसत होती, आम्हाला जिन्याच्या पाचव्या पायरीवर आलेलं पाणी तेवढं दिसत होतं. वीज आल्यावर तुंबलेली गटारं आणि त्यांत अडकलेले पिशव्यांचे लगदे सगळ्या वाहिन्यांवर दिसले. ओळखीची गटारं, ओळखीच्या पिशव्या. त्यानंतर काही महिने आमच्या इमारतीतल्या बायका एकमेकींना कापडी पिशव्या शिवून देत होत्या. सरकारनं पातळ पिशव्यांवर बंदी आणली, २०१८ मध्ये ती आणखी कडक झाली. शिलाई मशीन मात्र बंदीच्या आधी चालू झालं होतं.

माणसं बदलतात हे मी ठाण्याला पाहिलं, मावशीकडे. तिची इमारत येऊरच्या पायथ्याशी. २००४ साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या (एसजीएनपी) आसपास बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं दगावली. वाहिन्यांवर दिवसभर ‘नरभक्षक’ आणि लाल वर्तुळं. मावशी संध्याकाळी सहानंतर मुलांना खाली सोडत नसे, आणि सगळे बिबटे पकडून दूर कुठेतरी सोडावेत, असं तिचं ठाम मत होतं. २०११ मध्ये वनविभागानं ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. बिबट्यांच्या अभ्यासक डॉ. विद्या अत्रेय त्यात होत्या. त्यांनी एक साधी, पण दूरदृष्टीची गोष्ट केली: पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. त्यांत सांगितलं गेलं: पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या नव्या जागी संघर्ष वाढवतो. उघड्या कचऱ्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. त्याच्याभोवती गर्दी करणं हाच मोठा धोका. हळूहळू बातम्यांचा सूर उतरला. ‘दहशत’ कमी झाली, ‘वावर’ हा शब्द आला. मावशीनं हे सगळं बातम्यांतच ऐकलं, कुठल्याही शिबिराला ती गेली नाही. पण सोसायटीच्या सभेत कचऱ्याचे डबे रात्री बाहेर ठेवू नका, हा ठराव तिनं मांडला. २०१९ च्या फेब्रुवारीत बिबट्या थेट ठाण्याच्या कोरम मॉलपाशी आला तेव्हा ती टीव्हीपुढे हात जोडून बसली होती: “अरे, गर्दी करू नका रे, वाट चुकलाय तो.” वनविभागानं त्याला पकडलं तेव्हा तिनं देवापुढे साखर ठेवली.

आकाशानंदांनी जे केलं होतं ते २०१६ नंतर पानी फाउंडेशननं मोठ्या प्रमाणावर पुन्हा केलं. त्यांच्या वॉटर कप स्पर्धेतली गावं ‘तुफान आलंया’ या टीव्ही कार्यक्रमात दिसली. पडद्यावर कुदळ होती, उतारावरचे चर होते, आणि ‘तुम्हीही या’ असं बोलावणं होतं. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला आमच्या इमारतीतली चार मुलं गेली, आणि सत्तरी उलटलेले नानाही. परतल्यावर तळहाताचे फोड दाखवत ते म्हणाले, “बांधबंदिस्ती. आमच्या वेळी सहाला लागायचं हे.”

आजही आमच्या घरात टीव्ही चालू असतो, मुलांच्या हातात फोन असतात, आणि ऐरोलीच्या खाडीतले रोहित पक्षी आता सगळ्यांना नावानिशी ठाऊक आहेत. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा मिळाला तेव्हा आमच्या धाकट्यानं ती बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. उल्हास नदीचं तसं झालेलं नाही. कल्याण-डोंबिवली तिचं पाणी पिते, आणि कल्याणजवळ मोहोन्याला ती जलपर्णीनं झाकली जाते, हे अजूनही बहुतेक घरांत माहीत नाही. मुंबईच्या पावसाचे आकडे आणि धरणांची टक्केवारी वाहिन्या रोज सांगतात. त्याच बातम्यांत दोन मिनिटं उल्हाससाठी काढावीत. आज मोहोन्याला पाणी कसं आहे, प्राणवायू किती, वरच्या कुठल्या नाल्यातून काय आलं, आणि तक्रार कुणाकडे करायची, हे रोज, नाव घेऊन सांगावं. आई ऐंशीची आहे, तिला फोनवर शोधाशोध करता येत नाही. ती सातच्या बातम्या बघते.