चांद, वारा आणि राजपुरीची होडी

रायगड जिल्ह्यातल्या मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवर राजपुरी गाव आहे. समोर, खाडीच्या तोंडाशी, पाण्यात जंजिरा किल्ला. अरबीत 'जझीरा' म्हणजे बेट. त्याच शब्दाचा कोकणात जंजिरा झाला. सिद्दींचा हा किल्ला पाहायला लोक दुरून येतात, कलालबांगडी तोफेजवळ फोटो काढतात आणि परत जातात. ज्या होडीने ते पोहोचतात, तिच्याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. इंजिनाच्या जमान्यातही इथे शिडाच्या होड्या चालतात आणि त्या चालवणाऱ्यांत आपल्या समाजातले अनेकजण आहेत.

या होडीची रचना साधी असते. एक डोलकाठी, तिच्यावर तिरके चढवलेले लांब लाकूड आणि त्याला एकच मोठे शीड. अरबस्तान, पूर्व आफ्रिका आणि कोकण या तिन्ही किनाऱ्यांवर अशी तिरकी शिडे शतकानुशतके चालत आली. या शिडाला वारा पाठीमागूनच हवा असे नाही. बाजूच्या वाऱ्यावरही होडी पुढे जाते.

खारे वारे आणि मतलई वारे आम्ही शिक्षक फळ्यावर बाण काढून शिकवतो. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री ती लवकर निवते, म्हणून वारा समुद्राकडे जातो. पावसाळा सोडला तर कोकणातल्या शिडाच्या होड्यांचा दिवस याच धड्यावर चालत असे. फजरच्या सुमारास मतलई वाऱ्यावर मासेमारीला निघायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घर गाठायचे.

गेल्या हिवाळ्यात मी ज्या होडीत बसलो, तिचे तांडेल सत्तरीचे होते. पाण्यावर एक काळपट पट्टा आमच्याकडे सरकत होता. तो पोहोचण्याआधीच चाचांनी शिडाची दोरी सैल केली. झुळूक आली, होडी थोडी कलली आणि पुन्हा सरळ झाली.

मी विचारले, "चाचा, आज भरती किती वाजता?"

त्यांनी उलट विचारले, "मास्तर, आज चांद कितवा?"

"सातवा."

"मग सहाच्या आसपास."

हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची साधारण वेळ मिळते. आपला चांद अमावास्येनंतर दिसतो, म्हणून त्याची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते. सातव्या चांदाला आठ धरायचे. आठाचे पाऊणपट सहा. चौदाव्या चांदाला पंधरा धरले, तर सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, त्याचाच हा हिशेब. सातव्या-आठव्या चांदाला भांगाची भरती, म्हणजे पाणी कमी चढते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. म्हणजे आपण ईदचा चांद पाहतो, त्या दिवसांत समुद्रालाही उधाण असते.

चाचांचा मुलगा कतारला आहे. "भरतीची वेळ आता मोबाइल सांगतो," ते म्हणाले, "पण वारा कधी पडणार ते अंगाला कळावं लागतं. ते कुणाला शिकवू?" सहावीतला नातू सुट्टीत दोरी धरायला येतो, त्याच्या अम्मीला मात्र त्याने शिकून आखाती देशात जावे असे वाटते. तिचेही चूक नाही. पावसाळ्यात किल्ल्याची फेरी बंद असते, मासेमारीवरही जून-जुलैत बंदी. त्या दिवसांत घर कशावर चालवायचे, हा प्रश्न तिलाच सोडवावा लागतो.

म्हणून मुलांनी शाळा सोडून होडीवर जावे, असे मी म्हणणार नाही. पण किनाऱ्यावरच्या आपल्या घरांत असे नाना-दादा अजून आहेत. त्यांचे वाऱ्यांचे शब्द, चांदाचे हिशेब, खडकांच्या खुणा कुठेच लिहिलेल्या नाहीत. शाळेत शिकणाऱ्या मुलाने एक वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, एवढे प्रत्येक घराला जमेल. अरबी समुद्रावर जहाजाला वाट दाखवणाऱ्या जाणकाराला मुअल्लिम म्हणत. आपल्या मदरशात शिकवणाऱ्यालाही आपण मुअल्लिमच म्हणतो. राजपुरीच्या त्या चाचांनाही मी तेच म्हणेन.