वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरातील वीस मिनिटे

सायंकाळी सात वाजले की पुण्यातील आमच्या स्वयंपाकघरात एकच प्रश्न उभा राहत असे : आज रात्री काय करायचे? उत्तरही ठरलेले. पोळी, बटाट्याची किंवा फ्लॉवरची भाजी, वरण-भात. त्याचा कंटाळा आला की बाहेरून मागवायचे. गेल्या वर्षी यजमानांचा रक्तदाब वाढलेला आढळला, तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "आठवड्यातून किती वेळा बाहेरचे जेवता?" मी मनातल्या मनात मोजू लागले आणि चारावर थांबले. तो आकडा मोठ्याने सांगताना मला संकोच वाटला.

त्यानंतरच्या डिसेंबरात आम्ही यजमानांच्या आत्यांकडे वेंगुर्ल्याला गेलो. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी मागे टाकली की हवा बदलते. थंडी मागे राहते आणि खाऱ्या वाऱ्याची चाहूल लागते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात कापून झालेली शेते होती, पण ती ओसाड नव्हती. जमिनीत उरलेल्या ओलीवर तेथे कुळीथ हिरवागार वाढत होता. या पिकाला वेगळे पाणी द्यावे लागत नाही. आमच्या रात्रीच्या जेवणाचे उत्तर त्या शेतांत उभे आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आले नाही.

घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. आम्ही चौघे भुकेलेले, आणि आत्यांचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. मी म्हटले, "आत्या, उगाच घाट घालू नका, काहीतरी मागवू." त्या हसल्या आणि फळीवरचा एक डबा खाली काढला. त्यात कुळथाचे पीठ होते.

एका चुलीवर भात चढला. दुसरीवर पातेल्यात दोन चमचे तेल, मोहरी, हिंग, ठेचलेल्या लसणाच्या सात-आठ पाकळ्या, हिरवी मिरची आणि हळद. फोडणीवर चार वाट्या पाणी, मीठ आणि दोन आमसुले. पाणी उकळेपर्यंत आत्यांनी चार मोठे चमचे पीठ थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवले, ते धार धरून ओतले आणि सात-आठ मिनिटे ढवळत उकळू दिले. वरून मूठभर ओले खोबरे व कोथिंबीर. भात उतरला तेव्हा पिठीही तयार होती. घड्याळात वीस मिनिटे झाली होती.

मी आश्चर्य व्यक्त केले, तेव्हा आत्या म्हणाल्या, "रातचा जेवाण मे म्हयन्यातच अर्धा शिजता, गो."

त्या एका वाक्यात मला माझी चूक उमगली. मी आजवर नव्या पाककृती शोधत होते. उणीव मात्र बेगमीची होती. कोकणात पावसाळ्यापूर्वी घरोघर कुळीथ भाजून, भरडून, साले पाखडून दळून ठेवतात. धान्य आधीच भाजलेले असल्याने पीठ झटपट शिजते. त्याच दिवसांत रातांब्याच्या साली रसात पुन्हापुन्हा भिजवून उन्हात वाळवतात. त्यांची आमसुले वर्षभर पुरतात. दिवसभर दमलेल्या माणसाला सात वाजता नवे काही सुचत नाही. म्हणून निर्णय आधीच घेऊन डब्यात भरून ठेवायचा.

कुळीथ पौष्टिकही आहे. शंभर ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय लोह व तंतूही. पानात लिंबाची फोड पिळली तर त्यातील 'क' जीवनसत्त्वामुळे हे लोह अंगी लागण्यास मदत होते. एक सावधगिरी मात्र हवी : सोबतीचा पापड, सांडगी मिरची किंवा सुका बांगडा यांत मीठ पुष्कळ असते. रक्तदाब असलेल्यांनी ते टाळलेलेच बरे. यजमानांच्या पानात आत्यांनी पापडाऐवजी काकडीची कोशिंबीर वाढली.

दुसऱ्या रात्री घावन झाले. तांदळाचे पीठ ताकासारखे पातळ कालवायचे, मीठ घालायचे आणि तापलेल्या बिडाच्या तव्यावर कडेकडून आत ओतत जायचे. आंबवण्याची वाट पाहावी लागत नाही. सोबत खोबऱ्याची चटणी आणि उरलेली पिठी. तिसऱ्या रात्री मऊ भात, मेतकूट आणि साजूक तूप. तीन रात्री, तीन वेगळी जेवणे आणि डबे अवघे तीन.

निघताना वेंगुर्ल्याच्या बाजारातून कुळथाचे पीठ आणि आमसुले घेतली. पुण्यात पहिल्या रात्री मुलाने पिठीचा रंग पाहून तोंड वाकडे केले. मी आग्रह केला नाही. पुढच्या वेळी घावन वाढले, तेव्हा त्याने स्वतःच वाटीत पिठी मागून घेतली. आता बाहेरचे जेवण आठवड्यातून एकदाच येते. कधी तेही येत नाही. सोमवारी पिठी, बुधवारी घावन, शुक्रवारी मऊ भात असा क्रम लागला आहे. तो ठरलेला असूनही कंटाळा येत नाही, कारण सोबतीची भाजी, कोशिंबीर, चटणी ऋतूप्रमाणे बदलते.

यंदाच्या मे महिन्यात कुळीथ मी स्वतः भाजणार आहे. पहिला घाणा बहुधा करपेल. आत्यांना दूरध्वनी करून विचारावे लागेल, आणि त्या निमित्ताने चार शब्द बोलणेही होईल.