सहा मिनिटांचा हिशेब

आपल्याकडे मुलगी वकील झाली म्हटले की काळा कोट, हातात कागदांची चळत आणि समोर न्यायाधीश, एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. आमची थोरली पाच वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मोठ्या लॉ फर्ममध्ये लागली. लॉ फर्म म्हणजे शे-दोनशे वकील एका छपराखाली काम करतात अशी कचेरी. पाच वर्षांत ती कोर्टाची पायरी फार तर दहा वेळा चढली असेल. गावात अजून कोणी ना कोणी विचारतेच, "ताईंची केस कुठल्या कोर्टात चालू आहे?"

मी स्वतः शेती सांभाळून तालुक्याच्या एका वकीलसाहेबांकडे तेवीस वर्षे कारकुनी केली, तेव्हा दोन्हीकडचे थोडे सांगू शकतो.

आमच्या साहेबांची कचेरी म्हणजे त्यांच्या घराचाच पुढचा सोपा. सकाळी पहिल्या एसटीने पक्षकार उतरायचे. कोणाचा बांधाचा वाद, कोणाचे वाटप, कोणाची वहिवाटीची वाट. दिवसभर कोर्ट, संध्याकाळी परत कचेरी, रात्रीचे नऊ वाजायचे. आठवडी बाजाराच्या दिवशी तर जेवायला सवड नसे. तास मोजले तर तेही काही कमी नव्हते. पण उन्हाळ्यात दिवाणी कोर्टाला सुट्टी लागे, दिवाळीत लागे. आणि एकदा पुढची तारीख पडली की तोवर त्या कागदांना कोणी हात लावत नसे. (पक्षकाराची रड नेमकी हीच होती, ती गोष्ट वेगळी.)

हाल व्हायचे ते ज्युनियरचे. पहिली दोन-तीन वर्षे त्याच्या हाती एसटीच्या भाड्यापुरते पैसे पडत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा नवशिक्या वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये तरी द्यावेत असे पत्रक काढले. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे.

थोरलीला पहिल्या महिन्यापासून लाखाच्या वर पगार आहे. हे खोटे कशाला सांगू? तिच्या शिक्षणाचे कर्ज त्यातूनच फिटले.

गेल्या वर्षी सोयाबीनची मळणी झाल्यावर मी आणि तिची आई बारा दिवस तिच्याकडे राहून आलो. सकाळी दहाला पोरगी जाई ती रात्री एकला येई. उशीर झाला की जेवण कचेरीच्या खर्चाने, घरी सोडायला गाडी कचेरीची. मला याचे कौतुक वाटले. तिची आई मात्र म्हणाली, "जेवायलाही घालतात, पोचवतातही, म्हणजे घरी जायला निमित्तच उरू देत नाहीत!"

तिथे वेळेचा हिशेब कसा असतो ते ऐका. अशा फर्ममध्ये तासाचे दहा भाग करतात. एक भाग सहा मिनिटांचा. फोनवर बोललात, लिहा. पत्र वाचलेत, लिहा. कोणत्या गिऱ्हाइकासाठी किती भाग खर्चले ते रोज नोंदवायचे, त्यावरून गिऱ्हाइकाला बिल जाते. ही रीत परदेशी फर्मांची. अमेरिकेतल्या मोठ्या फर्मांत वर्षाला १८०० ते २००० तास बिलात बसावेत अशी अपेक्षा असते. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तर आठवड्याला चाळीस तास झाले, ऐकायला फार नाहीत. पण चहा, प्रवास, नवे काही शिकणे, साहेबांच्या होकाराची वाट पाहत बसणे हे बिलात धरत नाहीत. मग चाळीसाचे साठ होतात.

तुम्ही म्हणाल, रात्रीच्या कामाचे आम्हाला काय सांगता! शेतपंपाची वीज रात्री आली की आपण दोन वाजता बॅटरी घेऊन दारे धरायला जातोच. खरे आहे. पण वाफसा नसेल तर कुळव घालता येत नाही, मोठा पाऊस लागला की बैलही गोठ्यात आणि माणूसही घरात. रान स्वतःच आपल्याला थांबवते. तिच्या कागदांना वाफसा नाही, बाराही महिने पेरणी.

काम मात्र तिचे आवडीचे आहे. कंपन्या जमिनी घेतात तेव्हा मालकी निर्वेध आहे की नाही हे तपासायचे असते. तीस-तीस वर्षांचे फेरफार, सातबारे, नोंदणी कचेरीतले दस्त. शहरात वाढलेल्या वकिलांना इतर हक्कातला बोजा आणि कुळाची नोंद समजावून सांगावी लागते. हिला सातबारा लहानपणापासून ठाऊक. वरिष्ठ मंडळी तिच्या टेबलाशी येऊन विचारतात. एका व्यवहारात वारसाच्या नोंदीत तीन बहिणींची नावे गळालेली तिने धरली, आणि त्यांच्या सह्या झाल्याशिवाय व्यवहार पुढे गेला नाही. हे सांगताना तिचा चेहरा बघायला हवा होता.

माझी आई यंदा जूनमध्ये वारली. थोरली रातोरात आली. तिसऱ्या दिवशी सावडून आलो, तर ही ओट्यावर लॅपटॉप उघडून बसलेली. भेटायला आलेल्या बायका बघत राहिल्या. वरिष्ठांनी "सवडीने बघ" असे लिहिले होते, पण कागद पाठवलेच होते. मी विचारले, "पोरी, नाही म्हणता येत नाही का?"

ती म्हणाली, "अण्णा, नाही म्हणता येते. कोणी रागावतसुद्धा नाही. फक्त पुढचे चांगले काम दुसऱ्याकडे जाते."

म्हणजे हुकूम कोणाचा नाही आणि सुटकाही नाही. कारखान्याला भोंगा असतो, दुकानाला बंद करायची वेळ असते. वकिलाच्या कचेरीचे तसे नाही. केरळमधल्या एका वकील फर्मच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली निकाल दिला की तिथल्या दुकान कायद्याप्रमाणे वकिलाची कचेरी ही व्यापारी आस्थापना ठरत नाही. दुसऱ्यांच्या हक्कांसाठी भांडणारी ही माणसे स्वतःच्या रविवारासाठी मात्र कोणाकडे दाद मागत नाहीत, हे मला फार चमत्कारिक वाटते.

ज्यांची मुले कायद्याच्या पाच वर्षांच्या शिक्षणाला निघाली आहेत त्यांनी मुलांना जरूर पाठवावे. फक्त नोकरी धरताना पगाराच्या आकड्याबरोबर तिथे आधीपासून असलेल्या एखाद्या पोराला विचारावे की बाबा, तू मागच्या दिवाळीला घरी किती दिवस होतास, आणि त्यातले मोकळे किती.

आता थोरलीला एका बँकेच्या कायदा विभागातून बोलावणे आले आहे. पगार निम्म्याला थोडा वर, पण संध्याकाळी सातला दिवा मालवतो म्हणे. तिच्या आईला आजच हो कळवावे असे वाटते. धाकटा म्हणतो, पाच वर्षे काढली, आणखी चार-पाच काढली तर भागीदार होईल. ती स्वतः काही बोलत नाही. सातबाऱ्यांचे काम बँकेत तितके मिळणार नाही, हे तिला टोचते असे मला दिसते. महिनाअखेर उत्तर द्यायचे आहे. मी एवढेच सांगितले की घरच्या पैशाचा विचार त्यात धरू नकोस, सोसायटीचा हप्ता यंदाच्या उसाच्या बिलातून भागतो.